दत्ताच्या जहाजाची कुळकथा

जत, बुधवार, १२ फेब्रुवारी १९७५

मी विचारलं काय आणि आमच्या दत्तानं लिवलंय काय! फलटणच्या पोरीचा फोटू धाडून, पसंत हाय का, एवढंच नेव्हीतल्या पोराला विचारलं हुतं. पत्र आलं तवा पोरीचा बाप ओसरीवरच बसलेला. मी तोऱ्यात त्यालाच वाचाय दिलं. कशाला दिलं मी?

चार पानं नुसता जहाजाचा इतिहास! इंग्रजाच्या काळातलं शिडाचं जहाज, त्येच्यावर किती पोरं शिकली, डोलकाठी कवा मोडली, नवी कवा बसवली. पोरीचं नाव न्हाई!

पाव्हणा म्हणाला, "आवं बाई, लगीन त्या जहाजाशीच लावा."

आता डोलकाठीला हळद लावू व्हय? पाव्हण्याकडं दुसरं स्थळ तयार हाय. उद्याच तार करते: पोरगी पसंत हाय का न्हाई, सोमवारच्या आत कळव.