डोंगरापलीकडे तीन मिनिटं

व्हाइटहॉर्स, युकॉन
रविवार, १६ ऑक्टोबर १९९४

ओरेस्ट,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. खांद्याचं हाड जुळत आलंय, जेवण नीट जातंय, हे वाचलं. मीही बरी आहे. नदीच्या कडेला बर्फ धरायला लागलाय, पोस्टात अजून नाताळची गर्दी नाही. झाली खुशाली. वर 'प्रिय' लिहायचं राहिलं, असं समजू नकोस. लिहिलं नाही.

तुझं म्हणणं असं, की गुरुवारच्या चौकशीत मी एवढंच सांगावं: त्या शनिवारी खोऱ्यात ढग उतरले होते, आणि कुठल्याही शहाण्या वैमानिकाने वाट बदललीच असती. 'तूच मला शोधून काढलंस, तुझ्या शब्दाला वजन आहे.' वा रे वा. चार पानांच्या पत्रात लॉइड पेनरचं नाव एकदा, तेही 'बिचारा लॉइड'. तुझ्या शेजारच्या सीटवर बसून गेलेला माणूस पेटीतून परत आला, आणि तुला पडलंय ते तुझ्या लायसन्सचं.

ढग कसले रे? त्या शनिवारी आभाळ निरभ्र होतं. तू वाट बदललीच नाहीस. तू निघालासच बाबांच्या तळ्याकडे आणि कागदावर लिहिलंस शेजारचं खोरं. शिकारीची जागा कुणाला कळू नये म्हणून फ्लाइट प्लॅनवर खोटं लिहायचं, ही आपल्या घरची जुनी रीत. इथले निम्मे शिकारी तेच करतात. पण बाबा निघताना आपल्या दोघांपैकी एकाच्या कानात खरं सांगून जायचे. तू कुणालाच सांगितलं नाहीस. मग तळ्याच्या पाण्यावर उतरताना ओंडक्याला धडकलास, विमान उलटलं, संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र त्याच्याबरोबर बुडालं, आणि आम्ही सोमवारपासून भलत्याच खोऱ्यात घिरट्या घालत बसलो.

आणि त्यावर वर्तमानपत्रात काय म्हणालास? 'मंगळवारी दोनदा विमानाचा आवाज आला. आम्ही दोघांनी हात केले, तरी दोनदा ते डोंगरापाशी येऊन वळलं. शोधणारे झोपले होते का?' हे वाक्य मी पोस्टाच्या काउंटरवर वाचलं, समोर गिऱ्हाईक उभं असताना. अरे, फ्लाइंग क्लबची अकरा माणसं कामधंदा सोडून तुझ्यासाठी आली होती. आमच्यापैकी कुणाला कुणी पगार देत नाही. म्हातारा विल्फ माझ्या मागच्या सीटवर तीन दिवस खिडकीला कपाळ लावून बसला होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं, रुमालाने पुसायचा आणि पुन्हा खाली बघायचा. तुझी मुलाखत वाचल्यापासून तो क्लबात आलेला नाही. त्याला वाटतंय, आपल्याच नजरेतून काहीतरी निसटलं. त्याच्या नजरेतून काहीही निसटलं नव्हतं.

मंगळवारी तुम्ही ऐकलंत ते विमान माझं होतं.

हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलंय. आता राहू दे.

सोमवारी दुपारी मी तुझ्या शेडमध्ये गेले होते, तुझ्या विमानाचे जुने फोटो आणायला. कागदावर तू लिहिलं होतंस मासेमारी. पण मासेमारीचे गळ भिंतीवरच होते, आणि मूस हरणाचं मांस भरायच्या पिशव्या, करवत, दोर, काहीच नव्हतं. तिथेच मला कळलं तू कुठे आहेस. नकाशा बघायचीही गरज पडली नाही.

आणि मी काय केलं? संतापले. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. दर सप्टेंबरला मी विचारायचे, 'तळ्यावर कधी जायचं?' आणि दर सप्टेंबरला तुझं काहीतरी निघायचं. तिसऱ्या माणसाला दाखवायचं नाही अशी बाबांनी दोघांना शपथ घातली होती. मला टाळून तू लॉइडला नेलंस. मला वाटलं, मोठं जनावर मारलं असेल, विमान जड झालं असेल किंवा इंजिन रुसलं असेल, शेकोटीपाशी बसला असेल मजेत. म्हटलं, बसू दे. दोन दिवस कुडकुडू दे. परत आला की सगळ्या गावासमोर सांगावं लागेल कुठे होता ते. चांगली जिरेल.

असं मी म्हटलं, ओरेस्ट. मनात, पण शब्दन् शब्द असंच.

मंगळवारी सकाळी हँगरमध्ये इर्माबाई पाव कापत होती. स्वतःचा नवरा लॉइड बेपत्ता, आणि ही बाई आमच्यासाठी सँडविच करत होती, कारण हाताला काम हवं म्हणाली. मला बाजूला घेऊन विचारलं, "डार्का, तू त्याची सख्खी बहीण. खरं सांग, कागदावर लिहिलंय तिथेच गेला असेल का गं तो?"

"लिहिलंय तर गेलाच असेल," मी म्हणाले.

तिने माझ्या खिशात दोन सँडविच कोंबली. एक विल्फला दे म्हणाली.

शोधासाठी नकाशावर आखलेल्या चौकटींपैकी नेमकी तळ्याअलीकडच्या डोंगराची माझ्या वाटणीला आली. शेवटच्या फेरीला विल्फ म्हणाला, "आलोच आहोत तर पलीकडे एक नजर टाकू या का? तीन मिनिटांचं काम."

मी म्हणाले, "आपल्या वाटणीत नाही ते. नियम म्हणजे नियम."

नियम खराच आहे. ठरलेली चौकट सोडली तर दुसऱ्या विमानावर आदळायची भीती असते. पण त्या दिवशी पलीकडे दुसरं विमान नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. दोनदा गेले, दोनदा वळले. तू बरोबर ऐकलंस. फक्त आम्ही झोपलो नव्हतो.

मंगळवारी संध्याकाळी पहिला बर्फ पडला, तेव्हा माझी मस्ती उतरली. बुधवारी उजाडताच निघणार होते, तर दुपारपर्यंत धुकं हललं नाही. पुढचं तुला ठाऊक आहे. लॉइड पहाटे गेला होता. फासळ्या मोडलेल्या माणसाने चार दिवस तग धरला होता. पाचव्याची ताकद नव्हती. आणि मग कॅमेरे आले, तू मला मिठी मारलीस, 'बहिणीच्या काळजाने भावाला शोधलं' असं छापून आलं. क्लबवाले मला मानपत्र द्यायचं म्हणतायत. बहिणीचं काळीज! ते काळीज काय म्हणत होतं ते वर लिहिलंय, पुन्हा वाच.

काल दुपारी मी इर्माबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. तुझं खोटं आणि माझं गप्प बसणं, दोन्ही. ती भांडी विसळत होती. नळ बंद केला आणि विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी दुपारी."

"म्हणजे मंगळवारी मी विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो, इर्माबाई."

ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "तू जा आता. पुन्हा या दारात येऊ नकोस." मी पायरी उतरले तेव्हा मागून म्हणाली, "त्याला मात्र पाठव. मंगळवारी ते विमान वळलं तेव्हा लॉइड काय म्हणाला, ते मला हवंय. ते फक्त त्यालाच माहीत आहे."

म्हणून हे पत्र. गुरुवारी दहा वाजता मी हे सगळं शपथेवर सांगणार आहे. तू ढगांचं तुणतुणं वाजव नाहीतर खरं बोल. तुझं लायसन्स जाईल, माझंही जाईल, जाऊ दे. पण त्याआधी, बुधवारपर्यंत, तू त्या बाईच्या स्वयंपाकघरात जाऊन बस आणि ती विचारील त्याचं उत्तर दे. तिला सांग तो काय म्हणाला. मला मात्र कधीही सांगू नकोस.

जिच्या विमानाला तुम्ही दोघांनी हात केले, ती
डार्का