अश्विनने लिहिलेले माझे मृत्युपत्र रद्द

मी, गुणाकर महादेव नासरे, वय ७६, सैन्यातून निवृत्त झालेला वायरलेसवाला, राहणार बालाघाट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणाऱ्याला मी कालच घराबाहेर काढले आहे.

१. पुतण्या अश्विन याने टाइप करून आणलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्याखालची सही माझीच आहे, पण ती त्याने पेन्शनचा फॉर्म सांगून घेतली. त्यात लिहिले आहे, "सून अनुसया हिने माझी सेवा केली नाही, सबब राहते घर प्रिय अश्विनला." प्रिय! अरे, लढाईवरून बायकोला पत्र लिहायचो तेही 'पत्र मिळाले' इथूनच सुरू करायचो. आणि पानभर मजकुरात कोणाला एक शिवी नाही. हा माणूस मी कसा असेन?

२. अश्विन, नक्कल कशी करतात ते ऐक. एकाहत्तरच्या लढाईत आमचे मेजरसाहेब तुकडी घेऊन गुपचूप दुसरीकडे गेले. मी रिकाम्या तळावर बसून बारा दिवस त्यांच्या नावाने संदेश पाठवले, शत्रूने चोरून ऐकावेत म्हणूनच. साहेबांसारखा चहावरून कुरकुरलो, पांघरुणांवरून चिडलो, आभार एकदाही मानले नाहीत. शत्रूच्या तोफा शेवटपर्यंत त्या रिकाम्या तळाकडेच रोखलेल्या राहिल्या. तुला एक पान जमले नाही, गधड्या.

३. घर, आवार आणि बँकेतली शिल्लक अनुसयाची. माझा मुलगा राहुल गेला तेव्हा तिला तिरोडीला माहेरी जाता आले असते. गेली नाही. नऊ वर्षे माझी बोलणी खाल्ली. मी ओरडलो की म्हणते, "मामाजी, पहिले गोळी घ्या, मंग चिडा." तिला या घरातून कोणीही उठवू नये.

४. अश्विनला माझा जुना रेडिओ. चालत नाही.

५. पुढचे वाक्य माझ्या बोलण्याशी जुळत नाही. कोर्टात कोणी ते बनावट म्हणेल, म्हणून त्याखाली साक्षीदारांनी वेगळी सही करावी.

अनुसया माझी मुलगी आहे, आणि हे मी तिला एकदाही सांगितले नाही याची मला लाज वाटते.

वरील वाक्य काकांनी आमच्या डोळ्यांदेखत लिहिले. लिहिताना दोनदा थांबले.

साक्षीदार :
प्रेमलाल बिसेन, शेजारी (सही)
डॉ. देवश्री रामटेके (सही)

गुणाकर महादेव नासरे (सही)
बालाघाट, ११ फेब्रुवारी २०२५