सहावी पाचर

मी म्हणजे खाली सही करणार आहे ती. माझं पूर्ण नाव खाटेला अडकवलेल्या फॉर्मवर आहे, तेच इथे धरावं. आमच्या कॅराव्हॅनवाल्या मंडळींत मला सगळे गुळणी म्हणतात. टेलरमावशी एकदा म्हणाल्या, "ही पोरगी तोंडात मिठाची गुळणी धरूनच जन्माला आली," तेव्हापासून ते चिकटलं. वय अठरा पूर्ण, वर एकवीस दिवस. शिक्षण नववी, तीही अर्धी. काम सुताराकडे, रंधा मारायचं. डोकं ठिकाणावर आहे. भूल अजून दिलेली नाही. कोणी धाक दाखवून लिहून घेतलेलं नाही. धाक माझा मलाच आहे. आज दुपारी चारला मला आत नेणार आहेत. हृदयातली एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायची आहे. डॉक्टर बाबांना म्हणाले, "शंभरातले नव्वद ठणठणीत होऊन घरी जातात." बाबांनी नव्वद ऐकलं. मी दहा ऐकलं.

म्हणून माझ्या पश्चात काय कुणाचं, ते लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

कलम एक. घर माझ्या नावावर नाही. कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, तीही बाबांची आहे. आई गेल्यावर बाबांना घरात बसवेना, तेव्हा त्यांनी ती जुनी घेतली आणि आतली सगळी वायरिंग स्वतः केली, कारण बाबा वायरमन आहेत. त्यात वरची झोपायची फळी तेवढी माझी. ती कुणाला द्यायची नाही, पण तिच्यावर खोकी रचू नयेत. बाबांना मोकळी जागा दिसली की खोकं ठेवायची सवय आहे. फळीखालचा दिवा दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. वायरमनच्या घरात ही गत.

कलम दोन. माझी हत्यारं: दोन पटाशा, एक छोटा रंधा, काटकोन बघायचा गुण्या, आणि मूठ तुटून मी नवी बसवलेली हातोडी. हे सगळं माझ्या सुताराकडे परत जावं. त्यांनी मला कधी "मोठ्याने बोल" म्हटलं नाही. त्यांच्या दुकानात बोलायचं काम करवत करते. त्यांना एक विनंती. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली पायरी अर्धीच झाली आहे. तीन बुटक्या पायऱ्या आणि धरायला एक दांडा. ती टेलरमावशींच्या गाडीच्या दारासाठी आहे, कारण त्यांना आता उंच पाय टाकता येत नाही. ती त्यांनी पुरी करावी. कडा गोल कराव्यात. बँकेत जे काही आहे ते त्या लाकडाला आणि पॉलिशला वापरावं. किती आहे ते लिहीत नाही, नर्सताई वाचून हसतील.

कलम तीन. मुक्कामांची वही टेलरमावशींना. त्यात अकरा वर्षांचे सगळे मुक्काम आहेत. नळ कुठे, सावली कुठे, कुठली जागा उतरती, कुठे कुत्री येतात, कुठे पाना काका चिखलात रुतले आणि "मी मुद्दाम थांबलोय" म्हणाले. पाना काका म्हणजे बाबांचे मित्र, गॅरेजवाले. झोपतानासुद्धा त्यांच्या खिशात पाना असतो. तीन गाड्या, तीन कॅराव्हॅन: आमची, काकांची आणि टेलरमावशींची. मावशी एकट्याच असतात. शिवणयंत्र गाडीत घेऊन फिरायच्या आणि प्रत्येक मुक्कामावर कुणाची ना कुणाची चेन बसवून द्यायच्या.

काका मावशींची गाडी मागे घेऊन द्यायचे तेव्हा ऐकण्यासारखं असायचं.

"मावशी, उजवीकडे काय आहे ते सांगा नुसतं."

"झाड आहे. तुम्ही यायच्या आधीपासून आहे."

"किती लांब?"

"आता? आता लांब नाही राहिलं."

मग बाबा हसत हसत खाली बसायचे. जो आधी उठेल त्याने सगळ्यांचा चहा टाकायचा, असा नियम होता. तिघंही जागे होऊन एकमेकांची चाहूल घेत पडून राहायचे. शेवटी चहा मीच टाकायचे. मला ते आवडायचं. न बोलता सगळ्यांचं करता यायचं.

कलम चार. हेवेदावे. तळ्याकाठच्या मुक्कामाच्या व्यवस्थापकाने आम्हाला पाण्याचा पाइप असूनही "नाही" म्हणून सांगितलं, आणि मग त्याच पाइपने स्वतःची मोटारसायकल धुतली. त्याला मी काहीही ठेवत नाही. आमच्या शाळेतल्या भाषेच्या बाईंनाही नाही. वाचनाच्या तासाला त्या मला उभं करायच्या. शब्द डोळ्यांना दिसायचे, तोंडातून निघायचे नाहीत. पोरं हसायची आणि बाई घड्याळ बघायच्या. एक दिवस उभी राहिले ती दारातून बाहेरच गेले. बाई, मी तुम्हाला माफ करायचं ठरवलं होतं, पण नाही होत. वेळ कमी आहे.

कलम पाच. इथे मी पाना काकांना एक वस्तू लिहिली होती. खोडली. सकाळी नर्सताईंनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "साक्षीदार कोण?"

मी काकांचं नाव दाखवलं.

"मग त्यांना काही देता येणार नाही. साक्षीदाराला वाटा द्यायचा नसतो. माझ्या वडिलांच्या वेळी याच्यावरूनच रामायण झालं होतं. एकतर साक्षीदार, नाहीतर वाटेकरी. ठरव बाई."

मी वहीत लिहून विचारलं, खरं काय ते सांगितलं तर तो वाटा होतो का?

त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "खरं ही काही मालमत्ता नव्हे."

म्हणून काकांना वाटा नाही. ते साक्षीदार. आले तर.

फोनवर मला बोलता येत नाही. सकाळी आठला मेसेज टाकला, "काका, एका कागदावर सही हवी आहे. आज चारच्या आत याल का?" नऊ वाजता उत्तर आलं, "तुझे बाबा असतील का तिथे?" मी "हो" लिहिलं. त्यानंतर काही नाही. आता साडेअकरा झालेत. मी आणखी सहा मेसेज टाकले. सगळे पोचलेत. सगळे वाचलेत.

कलम सहा. पाचरी. गाडीपासून कॅराव्हॅन सोडवताना ती गडगडू नये म्हणून चाकांना लाकडी पाचर लावतात. एका कॅराव्हॅनला दोन, अशा सहा. सहाही मी कापलेल्या. सुताराकडे लागल्यावरचं माझं पहिलं काम. पाचर लावणाऱ्याने मागून "बसली!" असं ओरडायचं आणि मगच पुढच्याने गाडीला जोडणारा आकडा उचलायचा, अशी सगळीकडची पद्धत. मला ओरडता येईना. बाबा चिडले, तर काका म्हणाले, "अरे, नरड्याला काय कुलूप लावायचंय तिच्या? गुळणे, तू पत्र्यावर दोन थापा मार. एक नाही, तीन नाही. दोन. मला कळेल." तेव्हापासून आमच्यात दोन थापा. दोन वर्षं कधी चुकलं नाही.

सहाही पाचरी एकत्र राहाव्यात. कुणी एकट्याने घेऊ नयेत. पाच काळ्या पडल्या आहेत, सहावीचं लाकूड अजून पिवळं आहे. आजवर कुणी विचारलं नाही की ही नवी का.

कलम सात. हे कलम मी मेल्यावर वाचायचं नाही. सह्या व्हायच्या आधी वाचायचं, साक्षीदारांसमोर आणि बाबांसमोर. मी वाचणार. मी स्वतः, तोंडाने.

चौदा महिन्यांपूर्वी आपण टेकडीवरच्या उतारावर थांबलो. गवत ओलं होतं. मावशींच्या कॅराव्हॅनचा हातब्रेक सैल आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळा भार पाचरींवर. मी पेटी उघडली तर पाचच. सहावी आदल्या मुक्कामावर माझ्याच हातून राहिली होती. आपल्या कॅराव्हॅनच्या डाव्या चाकाखालून काढायची विसरले. काका आकड्याशी उभे होते. "झालं का गं गुळणे?" मला जाऊन सांगायचं होतं की एक पाचर नाही आहे. नुसते चार शब्द. सगळे माझ्याकडे बघतील, बाबा "हरवलीस?" म्हणतील, एवढंच झालं असतं. मी तेवढ्याला घाबरले. मावशींच्या कॅराव्हॅनच्या एका चाकाला पाचर लावली, दुसऱ्याला दगड. आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

मारल्या, काका. दोन. तुम्ही ऐकल्यात.

तुम्ही आकडा उचललात. दगड सटकून झुडपात गेला. मावशी मागून पाण्याचा कॅन घेऊन येत होत्या. चाक त्यांच्या घोट्यावरून गेलं.

मग बाबांनी मला विचारलं, "तू थापा मारल्या होत्यास?" माझं तोंड उघडलं आणि काही निघालं नाही. मी नेहमीच गप्प असते, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. बाबांनी त्याचा अर्थ "नाही" लावला आणि काकांवर ओरडले, "पोरगी अजून पाचर लावत होती! बहिरा झालास का? का नसलेलं ऐकू येतंय?" काका म्हणाले, "मला तर दोन थापा ऐकू आल्या रे." बाबा म्हणाले, "तुझ्या डोक्यात आल्या असतील." वीस वर्षांची दोस्ती, पत्र्याला टेकून संपली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तो पत्रा अजून माझ्या तळव्यांना लागतो.

नंतर मी सहावी पाचर कापली आणि गुपचूप पेटीत टाकली. ती पाचर नाही, माझं खोटं आहे. रंधा मारून गुळगुळीत केलेलं.

काकांचं काय चाललंय ते मावशी मला सांगतात. काकांनी कान तपासून घेतले. थोडं कमी ऐकू येतं असं निघालं, तीस वर्षं गॅरेजमध्ये ठोकाठोकी करणाऱ्या कुणाचंही निघेल. पण ते कानात मशीन घालतात आणि तरी विश्वास ठेवत नाहीत. नट आवळला तरी गॅरेजमधल्या पोराला विचारतात, "आवळला ना मी?" दुरुस्त झालेली गाडी स्वतः चालवून बघत नाहीत. परवा काकूंना म्हणाले, "बेल वाजली की माझ्या डोक्यात वाजली?" तीन कॅराव्हॅन चौदा महिने आपापल्या अंगणात आहेत. आमच्या चाकाखाली गवत उगवलंय.

रोज सांगायचं ठरवलं. रोज उद्या म्हटलं. आज उद्या नाही उरला. मी आत गेले आणि दहांतली एक निघाले, तर जगात एकही माणूस उरत नाही ज्याला माहीत आहे की काकांचे कान बरोबर होते. ते आयुष्यभर स्वतःला विचारत बसतील. मला मरायची भीती वाटते, पण त्याहून याची वाटते. काका, या हो. भांडा, थोबाडीत मारा, पण या.

कलम आठ. बाबा, तुम्ही काकांना जे बोललात ते माझ्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवून बोललात. ते तुमचं नव्हे, माझं. पण माफी तुम्हालाही मागावी लागेल. खोकी फळीवर नको.

दोन वाजले. बाबा चौथ्यांदा चहा आणायला गेले, आणलेला कुणी पीत नाही. फोन शांत. नर्सताई म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार मी शोधते, लिफ्टवाला चालेल." मी मान हलवली, नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. पण बाईंसारखं नाही.

अडीच. दारात कुणीतरी उभं आहे. शर्टाच्या खिशात पाना आहे. बाबा चहाचे पेले घेऊन त्यांच्या मागे थांबलेत. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. कुणी आत येत नाही, कुणी जात नाही.

आता लिहिणं थांबवते. कलम सात वाचायचं आहे.

सही: गुळणी (आणि फॉर्मवरचं नाव)
ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खाट नऊ
मंगळवार, तारीख चौदा, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं

साक्षीदार पहिली: दुसऱ्या मजल्यावरची नर्स. सही माझ्यासमोर झाली. वाचताना मुलगी चार वेळा थांबली, आम्ही कुणी घाई केली नाही. वडील हजर होते.

साक्षीदार दुसरा: गॅरेजवाला. सही माझ्यासमोर झाली. सातवं कलम पोरीने स्वतः वाचलं. आवाज फार बारीक होता. निघायच्या घाईत कानातलं मशीन घरी राहिलं. सगळं ऐकू आलं.