रेघ नसलेला क्लॅम्प

१२ जानेवारी, सोमवार

आमच्या गॅरेजमधून गेलेली जीप पसरणी घाटात आदळली! आत पाचगणीच्या शाळेची नऊ मुलं.

ड्रायव्हर बिरदेव टेम्पोला ओव्हरटेक करत होता. समोरून ट्रक. तेवढ्यात ‘फट्’ झालं, मागं काळा धूर — आणि गाडीतली ताकदच गेली. त्यानं ती डोंगराच्या अंगाला घातली म्हणून सगळी वाचली. एका मुलीचा हात मोडला. बिरदेवचं खांद्याचं हाड.

त्या जीपच्या टर्बोचा पाइप चारच दिवसांपूर्वी बदलला होता. मी!

१३ जानेवारी

जीप टोचन करून साताऱ्याला आणली. टर्बो हवा दाबून ज्या रबरी पाइपातून इंजिनाकडे पाठवतो, तोच निसटून लोंबत होता. दाबाची हवा सगळी बाहेर! इंजिन चढ चढणार कशावर?

जीपमालक आप्पासो सगळ्यांदेखत ओरडले, “पोरीच्या हातात पाना दिल्यावर दुसरं काय हुनार!”

मी नागसेनकाकांकडे बघितलं. गॅरेज त्यांचं. मिलिटरीच्या वर्कशॉपात बावीस वर्षं काढलेला माणूस. आयटीआय करूनही मला कुणी कामावर घेईना, तेव्हा त्यांनीच घेतलं. आता बोलतील, मग बोलतील...

काका जमिनीकडे बघत उभे. एक शब्द नाही!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटायला गेले नाही. आई म्हणते, “चुकलं आसंल तर कबूल कर.” आईसुद्धा!

१५ जानेवारी

काका जेवायला गेले तेव्हा मी टॉर्च घेऊन जीपखाली शिरले. पाइपाच्या दोन टोकांना दोन क्लॅम्प, म्हणजे आवळायच्या लोखंडी पट्ट्या. एक जागेवर, घट्ट, त्याच्यावर माझी पांढरी रेघ. क्लॅम्प आवळला की त्याच्यावरून पाइपापर्यंत रंगाची रेघ ओढायची — तसूभर सरकला तरी दिसतं.

निसटलेल्या टोकाला रेघच नाही. आतलं तेलही पुसलेलं नाही. तेलकट तोंडावर पाइप बसवला की दाबानं सटकतो. मी पुसल्याशिवाय कधी बसवत नाही.

मग आठवलं. त्या दिवशी काम अर्ध्यावर असताना मला कराडला पार्ट आणायला पाठवलं होतं. “ऱ्हायलेलं मी करतो, जा तू.”

काका! रेघ ओढायला ज्यांनी शिकवलं, तेच!

१६ जानेवारी

काकांना विचारलं.

“व्हय. ते टोक मीच आवळलं.” मग बोटं चोळत म्हणाले, “आवळलं आसं वाटलं. साखरंनं बोटं मेल्यात, दीक्षा. सा म्हयनं झालं. पाना धरलाय का सुटलाय, कळत न्हाई. त्येच्याच नादात पुसायचं आन् रेघ वडायचं ऱ्हायलं.”

“मग त्या दिवशी माझ्यावर आलं तेव्हा गप्प का बसलात?”

“भ्यालो.”

बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे काढलेला माणूस! रडावं का ओरडावं कळेना. दोन्ही केलं.

१७ जानेवारी

काकांनी स्वतःच आप्पासोंना फोन करून सांगितलं. पलीकडून शिव्या. ऐकून घेतल्या.

मग सहा महिन्यांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या टर्बोच्या गाड्या परत बोलावल्या. टर्बोचं तोंड बंद करायचं, कंप्रेसरनं बेतानं हवा भरायची, जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. आज पाच आल्या. दोन गाड्यांत बुडबुडे — हवा गळत होती! त्यातली एक उद्या महाबळेश्वरला निघणार होती, मागच्या सीटवर बाळाची झोळी.

१८ जानेवारी

दवाखान्यात गेलो. काकांनी बिरदेवपुढं हात जोडले.

तो म्हणाला, “काका, त्या दिशी तुमच्या हातनं पाना तीनदा पडला. मी बगत हुतो. तुमाला कसं म्हनायचं, म्हनून गाडी तशीच न्हेली.”

माझी नजर काकांच्या शर्टाच्या बटणांवर गेली. दिवाळीत काकांना शर्टाची बटणं लावता येईनात. हसत हसत मीच लावून दिली होती.