उंची, सिंगापूरला हिवाळा नसतो

प्रिय उंची,

काल तुम्हाला जाऊन वर्ष झालं. लिननं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी दिलं. तुमच्या मुलीचा हात तुमच्यासारखाच सैल आहे. मला तुमची मोठ्या चांदणीच्या नक्षीची गोधडी मिळाली. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये गोधडी घेऊन मी काय करू, असं विचारणार होतो, पण लिनचा चेहरा पाहून गप्प राहिलो.

'वर्षभर रडायचं, मग डोळे पुसायचे, आणि असेल ते वाटून टाकायचं,' लिन म्हणाली. आम्हा बौद्धांमध्ये पुण्यानुमोदन असतं. तिथेही शेवटी माणसं पंगतीला बसतात आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, त्यामुळे मला काही परकं वाटलं नाही. तुमच्या रीतीप्रमाणे एका बशीत थोडं थोडं वाढून ती खिडकीत ठेवली होती. वैशालीनं त्यात शेंगदाण्याची चटणीही घातली. तिखट लागली का?

पत्र लिहायला बसलो ते मात्र आज सकाळी जे झालं त्यामुळे. ते सगळं तुम्ही जाण्याआधीच ठरवून ठेवलं होतं, आणि मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. हे बरं केलंत का?

आपली ओळखही अशीच गमतीत झाली. साउथ डकोटातल्या तुमच्या लाकोटा वस्तीतून तुम्ही लिनकडे राहायला आलात, तेव्हा तिनं मजल्यावरच्या सगळ्यांना बजावलं होतं, की वडीलधाऱ्यांना आमच्यात नावानं हाक मारत नाहीत. हिला 'उंची' म्हणा, म्हणजे आजी. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, 'शेजारी उंची आल्यात.'

वैशाली भाजी चिरत होती. म्हणाली, 'कुणाची?'

'लिनच्या आईची.'

'किती आहे मग?'

खरं सांगायचं तर पाच फुटांपेक्षाही कमीच होती. हे तुम्हाला समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात, आणि त्यानंतर वैशाली दारात दिसली की टाचा उंचावून उभ्या राहायला लागलात.

तुमचा एसी दुरुस्त करायला मी स्वतः आलो होतो. आता माझ्या हाताखाली माणसं आहेत, गाड्या आहेत, पण कॉरिडॉरमधून जाताना कुणाचा कॉम्प्रेसर कण्हतोय ते मला अजून ऐकू येतं, आणि तुमचा तर केकाटत होता. मी शिडीवर, फोन कानाशी, आंग मो किओला गेलेला माझा माणूस पलीकडून काहीतरी विचारतोय आणि मी 'हां, हां' करतोय. तुम्ही खिडकीपाशी बसून तुमच्या भाषेत काही बोलत होतात. मी 'हां' म्हटलं की तुम्ही आणखी बोलायचात. मी पुन्हा 'हां'. शेवटी लिन स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली.

'तिला वाटतंय तुला कळतंय. आमच्यात हां म्हणजे हो.'

'आमच्यातही हां म्हणजे हो,' मी म्हटलं. 'काय म्हणतायत त्या?'

'ती म्हणतेय, हा माणूस या शिडीवरून पडणार. आणि तू मघापासून हो म्हणतोयस.'

मी खाली उतरलो तेव्हा तुम्ही मला नीट न्याहाळलंत आणि इंग्रजीत म्हणालात, 'आमच्याकडे असं हां बायका म्हणतात. पुरुष हाऊ म्हणतात.' जालन्याहून आयटीआय करून निघालेल्या माणसाला सिंगापुरात येऊन हो कसं म्हणायचं ते शिकावं लागलं.

लिन सांगायची, की तुम्ही गावाकडे गोष्टी सांगायला बसलात की लांबलांबून माणसं यायची. इथे मात्र तुम्ही गप्प. आमची मितू तेव्हा आठ वर्षांची होती. इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत तुमच्या मागे लागायची, 'उंची, वन स्टोरी ओन्ली, लाह.' तुम्ही मान हलवायचात. या गोष्टी हिवाळ्यात, अंधार पडल्यावरच सांगायच्या. उन्हाळ्यात सांगितल्या तर साप ऐकायला येतात. मला आधी हसू आलं. मग आठवलं, की त्याच आठवड्यात आपल्या ब्लॉकखालच्या नाल्यात अजगर निघाला होता आणि सगळा मजला व्हिडिओ काढायला धावला होता. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत.

मी एसीवाला. माझ्या डोक्यात आलं, हिवाळाच हवा ना? आपलं कामच ते. तुमच्या हॉलमधला एसी सोळावर लावला, पडदे ओढले, मितूला पांघरुणात गुंडाळलं आणि म्हटलं, 'घ्या, उंची. हिवाळा.'

तुम्ही शाल ओढून घेतलीत. 'छान गार आहे,' म्हणालात. 'पण हे सापांना कोण सांगणार?'

तोड शेवटी तुम्हीच काढलीत. डिसेंबर आला. एका रविवारी सकाळी गावाहून तुमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिकडे शनिवारची रात्र होती, बर्फ पडत होता. तुम्ही फोन कानाशी धरून बराच वेळ ऐकत राहिलात. मग लिनला म्हणालात, 'त्या पोरीला बोलाव. तिकडचे साप झोपलेत.' फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, म्हणजे गोष्ट तिकडच्या रात्रीत सांगितली जाणार, आम्ही इकडच्या सकाळी नुसतं ऐकायचं. पडदे ओढले, आणि एसी मी सोळावर लावलाच. तेवढं माझं राहू दिलंत.

कुणीतरी हुंकार देत राहायचं, नाहीतर सांगणारा थांबतो. हे मला शिकवावं लागलं नाही, आमच्याकडेही तसंच. मी 'हां' म्हणायचो आणि मितू कोपरानं ढोसायची, 'बाबा, हाऊ, लाह. हां इज फॉर गर्ल्स.' फोनवर बहीण खिदळायची. तुम्ही होतात तोवरचे सगळे हिवाळे असे रविवार सकाळचे गेले. त्या गोष्टी मी इथे लिहीत नाही. त्या तुमच्या आहेत.

गोष्टींच्या बाहेरही तुम्ही कमी शिकवलं नाहीत. समोरचा बोलून थांबला की तुम्ही लगेच उत्तर द्यायचा नाहीत. त्याचं बोलणं आधी जमिनीला टेकू दे, म्हणायचात. मी धंद्यातला माणूस, मला यात निराळंच दिसलं. सेरंगूनच्या एका कॉन्डोच्या मॅनेजरशी वर्षभराच्या कामाची बोलणी चालली होती. त्यानं भाव सांगितला, मी काहीच बोललो नाही. तो चुळबुळला आणि आपणच भाव वाढवत गेला. मी उड्या मारत तुम्हाला सांगायला आलो. तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, 'गप्प बसायचं ते ऐकायला. तू तर दबा धरून बसला होतास.'

एवढं लागलं मला ते! पण खोटं कुठे होतं?

आणि त्याहून जास्त लागलं ते तुमचं दुसरं बोलणं. मितू तुमची गोष्ट जशीच्या तशी, तुमच्या हातवाऱ्यांसकट, वैशालीला सांगत होती. इंग्रजीत, अर्थात. घरात मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तुम्ही मला विचारलंत, 'हिच्याजवळ माझ्या गोष्टी आहेत. तुझ्या कुठे आहेत?'

'माझ्याकडे गोष्टी नाहीत, उंची.'

'तुला आई नव्हती?'

'होती. सांगायचीही. पण आता काही आठवत नाही.'

'कुठे ठेवून आलास?' तुम्ही म्हणालात, आणि चहा प्यायलात. पुढे कधी तो विषय काढला नाहीत, म्हणून मला वाटलं, विसरलात.

कसल्या विसरताय! आज सकाळी लिननं पडदे ओढले. तुमच्यामागे वर्षभर कुणी गोष्ट सांगितली नव्हती. आज पुन्हा सुरुवात, म्हणून आम्ही तिघं नेहमीसारखे जाऊन बसलो. फोन टेबलावर, त्यातून तुमच्या बहिणीचा आवाज, गुडघाभर बर्फ पडलाय म्हणून. मला वाटलं, आता तीच सांगणार. लिन माझ्याकडे वळली.

'आईनं हॉस्पिटलमध्ये सांगून ठेवलंय. वर्ष सरल्यावरचा पहिला रविवार मिलिंदचा. म्हणाली, तो इतके हिवाळे फुकट ऐकतोय. त्यानं सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कुणी सांगायची नाही.'

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. कुणी हसलं नाही. मितू माझ्याकडे बघत होती, आणि तिला खरंच वाटत नव्हतं की मला येईल. ते मला तिच्या बसण्यावरून कळलं. शाळेतल्या कार्यक्रमात दुसऱ्याचा बाप गाणं विसरला की मुलं जशी बसतात, तशी बसली होती.

मी इंग्रजीत सुरुवात केली आणि पहिल्या वाक्यालाच अडलो. मग मराठीत शिरलो. वैशाली लिनसाठी आणि फोनसाठी इंग्रजी करत गेली. आईची एकच गोष्ट हाताला लागली, भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवून ती सांगायची ती. एक बहिरा कुंभार असतो. त्याचं गाढव त्याच्यासाठी ऐकतं. गिऱ्हाइकानं मडकं मागितलं की एक कान हलवतं, रांजण मागितला की दोन. एका वर्षी मडकी खपत नाहीत, कुंभार गाढव बाजारात विकून टाकतो. घरी येतो, आणि त्याला कळत नाही की दारावर कुणी आलंय की नाही. कान हलवायला कुणी नाही. तो आपला दर थोड्या वेळानं उठून दार उघडून बघतो.

इथे मी थांबलो.

'देन?' मितू.

'अँड देन?' फोनमधून तुमची बहीण.

'पुढचं मला ठाऊक नाही,' मी म्हटलं. 'इथवर आलं की मला झोप लागायची.'

मितूनं मान खाली घातली. उंची, धंद्यात पुष्कळांनी मला 'नाही' म्हटलंय, पण इतकं बारीक 'नाही' कुणी म्हटलं नव्हतं. मी माझा फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि जालन्याला ताईला लावला.

'काय रे, एवढ्या सकाळी? बरी आहेत ना सगळी?'

'बरी आहेत. ताई, त्या बहिऱ्या कुंभाराचं पुढं काय होतं?'

'कुठला कुंभार?' आणि मग ती हसायला लागली. 'अरे देवा, ते गाढववालं? पुढं काही नाही. आई तिथंच थांबायची. जो जागा असेल त्याला म्हणायची, आता पुढचं तू सांग. तू कधी जागा राहिलास?'

वैशालीनं हे इंग्रजीत सांगितलं. नंतर खोलीत कुणीच घाई केली नाही. मितू टेबलाकडे बघत होती. मग ती मराठीत बोलली.

'गाढव नाही येणार, बाबा. ते विकलं ना. कुंभार जाणार. गाढवच्या घरी. तिकडे राहणार.'

'गाढवच्या' नाही, 'गाढवाच्या', हे सांगायला वैशालीनं तोंड उघडलं होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

'कोण बोललं हे?' ताईनं विचारलं.

'मितू.'

'आपली मितू? मराठीत?' मग म्हणाली, 'तिला सांग, हे आम्हा भावंडांत कुणाला सुचलं नव्हतं. आम्ही सगळे गाढवालाच परत आणायचो.'

फोनमधून तुमची बहीण काहीतरी बोलली, तुमच्या भाषेत. मला कळलं नाही, आणि मी हो म्हटलं नाही. लिन डोळे पुसत म्हणाली, 'ती म्हणतेय, झालं. आता पुढची गोष्ट चालेल.'

उंची, ताई सत्तरीला आली. आईचं जे काही शिल्लक आहे ते तिच्याजवळ आहे, आणि इतकी वर्षं मी तिच्याशी फोनवर तब्येत आणि हवापाणी एवढंच बोलत आलो. येत्या जूनच्या सुट्टीत मितूला घेऊन जालन्याला जाईन. धंदा महिनाभर वैशाली बघेल, ती माझ्यापेक्षा बरा बघते. रोज संध्याकाळी ताईच्या खाटेशी बसेन आणि तिला जेवढं आठवतंय तेवढं सगळं ऐकेन. आणि ती थांबून विचारेल, आता पुढचं तू सांग, तेव्हा मी जागा असेन.

तुमचा, पन्नाशीतला नातू,
मिलिंद