रुळांमधून आलेला एप्रन

४ सप्टेंबर, कारागांदा
आलो एकदाचे! नवऱ्याला, दाऊरेनला, इथल्या वीजघरात कायमची नोकरी लागली आणि गावाकडचं बिऱ्हाड ट्रकमध्ये घालून आम्ही सातव्या मजल्यावर येऊन पडलो. भिंतींना अजून रंगाचा वास आहे. बालझानला, आमच्या चार वर्षांच्या लेकीला, लिफ्टचं वेड लागलंय. सासूबाईंना मी आपा म्हणते. त्यांनी आल्या आल्या कणीक भिजवली, बाउरसाकचे फुगीर गोळे तळले आणि शेजारच्या दारांवर गरम गरम वाटून आल्या. मी माझ्या लाडक्या जुन्या वस्तू फळीवर मांडल्या: आजोबांचा रेडिओ, कापडी वायरची इस्त्री, चहाचं पाणी उकळायचा तांब्याचा समोवार. दाऊरेन म्हणाला, घर नवं घेतलं आणि आत वस्तुसंग्रहालय उघडलं.

१० सप्टेंबर
आपा आणि मी जुन्या बाजारात गेलो होतो. तिथे एका कोपऱ्यात कपडे धुण्याचं मशीन दिसलं. आपांच्या तरुणपणी घरोघरी असायचं तसलं, गोल पिंपासारखं, फिकट हिरवं. वर पिळायला दोन रबरी रूळ आणि ते फिरवायला हाताचा दांडा. आपा त्याच्यापुढून हलेनातच. लग्न होऊन आल्यावर पहिलं धुणं असल्याच मशीनमध्ये धुतलं, म्हणाल्या. न्हाणीघरात कोरं स्वयंचलित मशीन असताना आम्ही हे उचलून घरी आणलं. दाऊरेननं वायर बदलली आणि ते घरघरायला लागलं. आपांचा चेहरा बघून तो म्हणाला, "आपा, सून आणली तेव्हासुद्धा एवढी हसली नव्हतीस." आपांनी त्याला ओल्या टॉवेलनं हाणलं.

१३ सप्टेंबर
कपडे काय निघतात! चादरी बर्फासारख्या. आपा दांडा फिरवतात, मी रुळांच्या पलीकडे कपडा झेलते, बालझान साबणाचा फेस उडवते. आज मात्र एक गंमत झाली. रुळांमधून एक एप्रन आला. जाड सुती, करडा, खिशावर लाल दोऱ्याची वेल. आमच्या घरात असला एप्रन नाही. आपांचा फुलाफुलांचा डोक्याचा रुमाल मात्र सापडत नाही. मी पिंपात कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. आपा म्हणाल्या, जाऊ दे, एप्रन आधीच तळाशी अडकला असेल. रुमाल कुठे जातोय.

१५ सप्टेंबर
दाऊरेननं आज चहा ओतला. स्वतःला, मला, बालझानला. आपांच्या हातातला वाडगा रिकामाच राहिला. मी खूण केली तेव्हा दचकला, चुकलो म्हणाला. दुपारी शेजारची रौशन मीठ मागायला आली. आपा सोफ्यावर बसल्या होत्या, आणि ती त्यांच्यावरच हातातली पिशवी ठेवायला निघाली. आपा उठून आत गेल्या. नंतर मला म्हणाल्या, अंगात सारखा ओलावा वाटतोय, काही केल्या सुकत नाही.

१७ सप्टेंबर
आपा घरात नाहीत.
सकाळी त्यांच्या पलंगावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता, जणू तिथे कधी कुणी झोपतच नव्हतं. मी दाऊरेनला विचारलं. त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. त्याची आई तो शाळेत असतानाच वारली, हे मला लग्नाआधीच सांगितलंय, म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. आज झाले नाहीत.
बालझानला विचारलं, आजी कुठंय? ती म्हणाली, "कुणाची आजी?"

१८ सप्टेंबर
दार वाजलं. दारात एक म्हातारी. केस ओले, अंगावर तोच करडा एप्रन. तो तर मी घडी करून कपाटात ठेवला होता. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि बटाटे सोलायला बसली. दाऊरेन कामावरून आला, तिला काकी म्हणाला, गुडघे कसे आहेत विचारलं. जन्मभराची ओळख असल्यासारखं.
ती वाईट नाही. तेच जास्त भयंकर आहे.

२० सप्टेंबर
काकी झोपली असताना एप्रन काढून मशीनमध्ये टाकला. एक गेलं म्हणून एक आलं असेल, तर हे परत केल्यावर ते मिळायला हवं. खूप वेळ फिरवलं. रुळांमधून एप्रनच आला. पुन्हा टाकला. पुन्हा एप्रनच.
मागे वळले तर काकी उभी होती. रागावली नाही. मी हातोडा घेऊन ते मशीन फोडायचं ठरवलं होतं, पण ते फोडलं तर आपा यायच्या कुठून? हातोडा खाली ठेवला. काकीला विचारलं, तुम्ही आलात तिथे आपा दिसल्या का. तिनं ओला एप्रन परत अंगावर बांधला.
"तिथे सगळे ओले असतात गं. कुणी कुणाला हाक मारत नाही. नावं निघून जातात."

२१ सप्टेंबर
बालझानचे सगळे कपडे ट्रंकेत घालून कुलूप लावलं. तिच्या अंगावरचे मी बादलीत हातानं धुते, स्वतः पिळते, डोळ्यांसमोर वाळत घालते. दाऊरेन विचारतो काय झालंय. काय सांगू? शनिवारी तिला घेऊन माहेरी जाते, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, जा, थोडी विश्रांती घे, वाळलीस किती.

२३ सप्टेंबर, शनिवार
पाव आणायला खाली गेले होते. तेवढ्यात बालझाननं पायांवर केफिर, ते आंबट ताक, सांडलं. दाऊरेननं तिचे लोकरी पायमोजे काढून त्याच मशीनमध्ये—
दारात उभा राहून कौतुकानं सांगत होता. "तू दमतेस म्हणून म्हटलं, एवढंसं काम मीच करतो."
पायमोजे नव्हते. रुळांवर पुरुषाचा जाड स्वेटर लोंबत होता. पाणी टपकत होतं.
मी तिला तशीच उचलली आणि बसस्थानक गाठलं. कडेवर घेतलं होतं, खाली ठेवलंच नाही. वाटभर तिचं नाव घेत होते. ती विचारत होती, आई, सारखी हाक का मारतेस? खिडकीवर दोन तिकिटं मागितली. बाईनं एकच दिलं. मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, दुसरं कुणाला?
माझ्या कडेवर ओला टॉवेल होता.

२४ सप्टेंबर
दाऊरेन म्हणतो आम्हाला मूल नाही. हे म्हणताना तो रडला. मला जवळ घेतलं. डॉक्टरकडे जाऊ म्हणाला.
बालझान. बालझान. डाव्या भुवईवर तीळ. र म्हणता येत नाही.

२५—
टेबलाशी एक माणूस जेवतोय. ओले केस. तो स्वेटर. दाऊरेन त्याला चहा ओततो. मी त्या माणसाला विचारलं, लहान मुलगी, लाल फ्रॉक— त्यानं मान हलवली. नाही म्हणून की आठवत नाही म्हणून, कळलं नाही.

२६
तीळ डाव्या की उजव्या

२७
ठरवलं. ती एकटी आहे. तिथे हाक मारत नाहीत तर मी मारेन. नाव जायच्या आत मारेन.
माझा निळा पोशाख टाकला. काकी म्हणाली, नको गं, कुणी कुणाला सापडत नाही तिथे. मी म्हटलं, तुम्ही दांडा फिरवा. तिनं डोळे पुसले आणि फिरवला.
हिरव्या काठाची कुणाची तरी शाल बाहेर आली.

२९
चहाला माझा वाडगा नाही.
अंग ओलं. कागदही ओला होतोय.
ब— बालझान. अजून आहे. अजून आहे.
दाऊरेन कामावरून आलाय. स्वयंपाकघराच्या दारात थांबलाय, माझ्याकडे बघतोय. टोपी काढली त्यानं, परक्या बाईपुढे काढतो तशी. अदबीनं विचारतोय, आपण कोण, कुणाकडे आलात.
मी सांगतेय त्याला. मी तुझी— मी, बाल—
मी