बटाट्याची खळ

सोमवार, ३ नोव्हेंबर

तक्ता नको, असे मी स्पष्टपणे सांगितले. तक्त्यावरचा बटाटा जांभळा, रताळे निळे, आणि दोघेही हसरे! बटाट्याला तोंड नसते. मुख्याध्यापिका – एके काळी माझ्याच वर्गात होत्या – म्हणाल्या, "सर, चार वर्षांची मुलं आहेत ती." चार वर्षांच्या मुलांशी खोटे बोलावे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

चाळीस वर्षे व्याकरण शिकवले. आता बालवर्गाचा सोमवारचा एक तास मागून घेतला आहे – साडेनऊचा. विषय : कंदमुळे. सतरंजीवर पिशवी रिकामी केली : बटाटे, रताळी, आरवी, सगळे मातीसकट. चष्मेवाल्या मुलीने विचारले, "आजोबा, हे आंघोळ का नाही करत?" प्रश्न रास्त होता. जमिनीत राहणाऱ्याला माती म्हणजे मळ वाटत नाही, असे उत्तर दिले.

बटाटा हे खोड, रताळे हे मूळ. सतरापैकी पंधराजणांना कळले. उरलेले दोघे झोपले होते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कोचावर माती कशी आली, याची सूनबाईंनी चौकशी केली. मी वर्तमानपत्र वर धरले.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज बटाट्याची खळ केली. बटाटे किसले, कीस पाण्यात कालवून फडक्यातून पिळला, पाणी निवळू दिले. वरचे पाणी ओतताच तळाशी पांढरेशुभ्र सत्त्व! मावशींनी – म्हणजे वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनी – ते स्वयंपाकघरात शिजवून आणले. माझ्या सदऱ्याची कडक कॉलर मुलांना हात लावून पाहू दिली; हीही बटाट्याचीच करामत, म्हणालो. कोणाचा विश्वास बसेना. मग प्रत्येकाने कागदावर कागद चिकटवला, तेव्हा बसला. उरलेली खळ मावशींनी बरणीत भरून ठेवली.

येथे थांबायला हवे होते. थांबलो नाही.

पिशवीत सुरण होता. कापलेली फोड हातोहात फिरवली. मावशी म्हणाल्या होत्या, "सर, हातांना तेल लावा आधी, खाजेल." मी म्हणालो, मला शिकवू नका. पाच मिनिटांत चष्मेवाली रडू लागली. मनगटापर्यंत लाल! मावशींनी चिंचेच्या पाण्याने सगळ्यांचे हात धुतले. मी नुसता उभा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

शाळेच्या काचेच्या दारावर सूचना लागली : कंदमुळांचा तास बंद करण्यात आला आहे. मला कोणी कळवले नाही, येता-जाता वाचली.

आत गेलो. शाळेच्या समितीकडे लेखी माफी द्या, मग विचार करू, असे मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. आणि पुढे तक्त्यावरूनच शिकवायचे. मी विचारले, समितीचे हात खाजले का?

घरी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, दोन ओळींचं तर काम आहे. सोडा ना हट्ट." दोन ओळी खोट्या लिहिणार नाही. बटाटे दाखवणे ही चूक नव्हती. तेल न लावणे ही चूक होती, आणि ती समितीला नव्हे, त्या मुलीला भोवली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

चष्मेवालीच्या घरी गेलो. दार तिच्या आईने उघडले. माझी चूक झाली, मावशींनी सांगूनही ऐकले नाही, असे मुलीसमोरच म्हणालो. आईने मला बसायला सांगितले नाही. तिचा राग योग्यच होता.

मुलीने दोन्ही तळवे पुढे केले. लाली गेली होती. "आजोबा, सुरण मूळ की खोड?"

खोड, म्हणालो.

आई म्हणाली, "आता बसा."

परतताना मावशींकडे गेलो. त्यांचीही माफी मागितली. "चाळीस वर्षांत कोणाचं ऐकलं नाहीत, सवय कशी असणार?" म्हणाल्या. खोडून काढण्याजोगे त्यात काही सापडले नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

समितीचे स्मरणपत्र आले. उत्तर पाठवले : "ज्यांची मागायची, त्यांची माफी मागून झाली आहे." सही केली. तारीखही घातली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मावशींचा फोन. मंगळवारी शाळेची तपासणी आहे. तेव्हा दारावर ती सूचना दिसायला नको, असे बाईंनी फर्मावले आहे. सकाळपासून नखे झाली, सुरी झाली, बाईंची पट्टीही झाली. कागद काच सोडत नाही.

बुधवारी डिंक संपला होता, म्हणून मावशींनी आमच्या बरणीतली खळ लावली!

मागून बाईंचा आवाज : सरांना विचारा, निघते कशाने?

सोमवारी साडेनऊला सांगेन, असे कळवले. मुलांसमोर.